वायसरचं खारं पाणी

माझ्या धाकट्या भावाला सगळे वायसर म्हणत. कुणाचाही नळ गळो, तो जायच्या आधीच सांगायचा, "काही नाही, वायसर गेलाय." चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत आडवा पडून त्याने नळ दुरुस्त केले. बायको गेली त्या दिवशीही माणसं बाहेर बसलेली आणि हा आत तिच्या मोरीतला नळ घासत होता. ज्याला जसं रडता येतं तसं त्याने रडावं.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे थांबणारं नाही, वाढणारं आहे. त्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी होती, समुद्राच्या तळाचा तुकडा कापून आणावा तशी. बाकीचे लोक मासे बघत होते. हा टाकीमागे डोकं घालून पाणी जातं कुठे ते बघत होता.

त्याची मुलगी दोन तासांवर राहते, औषधांच्या दुकानात कामाला आहे. ती म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला."

"मी इथेच बरा. माझं मी सांभाळतो."

"परवा दूध जळून कोळसा झालं ते?"

"दुधाला नुसतं उतू जायचं ठाऊक. त्यात माझा काय दोष?"

"बरं. ती दवाखान्यातली टाकी आवडली ना? तशी आणा. तीन महिने तिच्यातले जीव जगवून दाखवा, परत विषय काढणार नाही. नाही जगले तर निमूट यायचं."

"अगं, बापाशी पैज लावतेस?" मी म्हटलं.

"आत्या, तुझाच भाऊ. सरळ सांगून कधी ऐकलंय त्यांनी?"

टाकी घ्यायला मीही गेले. ह्याचा जीव मोठ्या टाकीवर, तिच्या खाली आणखी एक टाकी आणि मध्ये नळ्याच नळ्या. दुकानदारीण पोक्त बाई. तिने ह्याच्या हाताकडे पाहिलं आणि भरलेली बादली पुढे सरकवली. "दर आठवड्याला एवढं पाणी बदलावं लागेल. उचलून बघा."

निम्मं पाणी त्याच्या चपलांवर गेलं.

मग तिने गुडघ्याएवढी टाकी दाखवली. पंप, गाळणी, हीटर, सगळं मागच्या कप्प्यात बसवलेलं. आठवड्याला पाच लिटर बदललं की झालं.

"हिला नळच नाहीत," तो हिरमुसून म्हणाला.

"नाहीत. पण एक ध्यानात ठेवा. मोठं पाणी माणसाची चूक पोटात घालतं. लहान पाणी घालत नाही. काही करायचं झालं तर आधी विचारा."

घरी त्याने पाणसळ लावून टेबल सपाट केलं, तेव्हा टाकी चढवली. नळाचं पाणी चालणार नाही, गाळून गाळून अगदी कोरं केलेलं पाणीच हवं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. "चाळीस वर्षं सगळ्यांना पाणी पाजलं, आणि आता मासा नाक मुरडतो!" त्यात समुद्राचं मीठ विरघळवून, मोजून, पुन्हा मोजून ओतलं. वाळू घातली, दगड रचले. मग महिनाभर नुसते दगड.

"बायको बघायला एवढा वेळ लावला नव्हतास," मी म्हटलं.

"ताई, पाणी मुरतंय."

"तुझ्याकडे कायमच कुठेतरी पाणी मुरत असतं."

दोघंही हसलो.

महिन्याने काच साफ करायला पाच शंखाच्या गोगलगायी आल्या, मग एक झिंगा, दोन नारिंगी मासे, आणि दगडावर चिकटवलेली बोटभर प्रवाळं. प्रवाळ म्हणजे दगड असं मला वाटायचं. ती तर टाकीवरचा दिवा लागला की उमलायची. रोज जेवढं पाणी उडे तेवढं तो कोरं पाणी भरायचा, थरथरत्या हाताला डाव्या हाताचा टेकू देऊन.

जीव येऊन सव्वादोन महिने झाले आणि पंपाच्या तोंडाचा प्लास्टिकचा तुकडा त्याच्या हातून मोडला. दुकानात नवा मिळाला असता. पण चाळीस वर्षांचा कारागीर तो! जुन्या पेटीतून पितळी एल्बो, नळाचा काटकोनी तुकडा, काढला, घासून लखलखीत केला आणि बसवून टाकला. "ही खरी वस्तू." मीही मान डोलावली. पितळ चांगलं, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

आठवड्यात गोगलगायी काचेवरून गळून उताण्या पडल्या. झिंगा कोपऱ्यात निपचित. प्रवाळं मिटली ती मिटलीच. मासे तेवढे फिरत होते. तो बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेला. बाईने विचारलं, "आत काही धातूचं?" पितळ म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. पितळात तांबं असतं, खारं पाणी ते खातं, माशाला थोडंफार सोसतं, ह्या बिनकण्याच्या जिवांना नाही.

"नव्या पाच आणून टाक," मी म्हटलं. "तिला काय, त्यांची तोंडं ओळखू येणार आहेत?"



रविवारी भाची आली. त्याने बशीत मेलेले शंख घालून तिच्यापुढे ठेवले. "माझ्यामुळे मेल्या."

"हात थरथरला?"

"हाताचं नाव नको. डोक्याने मारल्या. विचारायला सांगितलं होतं, विचारलं नाही."

तिने बशी बाजूला सरकवली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आणखी काय काय सांगितलं नाहीत?"

तो जमिनीकडे बघून म्हणाला, "मोरीत पडलो. दोनदा. दुसऱ्या वेळी सकाळपासून दुपारपर्यंत उठता आलं नाही."

माझी खोली भिंतीपलीकडे आहे. त्या सकाळी मी मटार सोलत होते, रेडिओ मोठा लावून. त्याने हाक मारली होती का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

भाची रडली. पैजेतले पंधरा दिवस उरले होते, पण तो विषय तिने काढला नाही, त्यानेही नाही. "येतो," एवढंच म्हणाला.

मासे आणि दगड बादल्यांत घालून गाडीत ठेवले. निघताना तो मोरीत गेला, घराच्या पाण्याचा मोठा कॉक बंद करायला. जुना कॉक, घट्ट बसलेला. पाना दोनदा घसरला. भाची पुढे झाली, तेव्हा मी तिचं मनगट धरलं. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागू दिला.