आधी चावी, मग पाडकाम

छोट्या वाचनालयांतली पुस्तकांची देवघेव सांभाळणारं एक सॉफ्टवेअर मी आणि माझा अंधेरीचा मित्र बरीच वर्षं चालवतो. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि काम आम्ही नोकऱ्या सांभाळून रविवारी करतो. गेल्या वर्षी माझ्या यादीतला एक मुद्दा मात्र दर रविवारी पुढे सरकत होता: जुन्या विंडोजच्या संगणकांवर ते चालवायची सोय कधी काढायची?

"अगं, एक सोय वाढवायची तर अर्धा वेळ त्या म्हाताऱ्या संगणकांना सांभाळण्यात जातो," मित्र म्हणायचा. "काढून टाक ना!"

शेवटी संकेतस्थळावर सूचना लावली: महिन्याभरात हरकत आली नाही तर संमती धरू. सोसायटीत जिन्याखालच्या फळ्यावर अशीच नोटीस लागते, सवयच ती. हरकत आली नाही. मी मुद्दा खोडला.

लगेच भांडुपहून फोन आला. मुलांचं वाचनालय एकटीने चालवणाऱ्या बाई होत्या.

"ताई, आमच्या जुन्या संगणकावर तुमचं पान उघडतच नाही, हरकत घेणार कशी? आज भाच्याने फोनवर दाखवलं. सुट्टीत पोरांची रांग लागते, तेव्हा हे बंद पडलं तर?"

"बंद नाही पडणार हो. फक्त पुढच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत."

"म्हणजे गळायला लागलं की कुणी येणार नाही. आमची बिल्डिंग पाडली ना, तेव्हा बिल्डरनेसुद्धा आधी दुसरी जागा दिली. तुम्ही काय देताय?"

मी खोडलेला मुद्दा पुन्हा यादीत लिहिला. मुलुंडला आमच्या इमारतीच्या पुनर्विकासात, दुसऱ्या घराची चावी मिळाल्याशिवाय एकही बिऱ्हाड हलणार नाही, ही अट मीच घालून घेतली होती.

रविवारी मित्र भडकला. "एका संगणकासाठी थांबायचं? वाट लागेल यार!"

"एकासाठी नाही, हाच नियम सगळ्यांना. आधी पर्यायी जागा, मग पाडकाम. पण जागा दिल्यावर थांबायचं नाही."

आम्ही भांडुपला गेलो. यंत्र धडधाकट होतं, जुनी होती ती आतली विंडोज. तिच्या जागी लिनक्सची हलकी, मोफत आवृत्ती बसवली आणि पुस्तकांची यादी उघडली, तर सगळी मराठी नावं अगम्य! ती जुन्या फॉन्टात टाइप केलेली होती. बाईंचा चेहरा उतरला. कुरकुरत आलेल्या मित्राने मात्र बाह्या सरसावल्या आणि तिथेच बसून नावं नव्या फॉन्टात उतरवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकेक नाव स्वच्छ दिसू लागलं. बाईंनी दारात ताटकळलेल्या मुलीला आत बोलावलं, तिचं पुस्तक जमा केलं, दुसरं दिलं. झकास चाललं.

तोच प्रोग्रॅम आम्ही सगळ्यांसाठी खुला केला. मग जुन्या विंडोजवरच्या प्रत्येक वाचनालयाला मी स्वतः फोन केला आणि एकेकाला हलवलं.

शेवटचं हललं त्या रविवारी मित्राने जुन्या विंडोजसाठीचा कोड खोडायला निवडून ठेवला. "आता तरी पाडू?"

मी भांडुपला फोन लावून स्पीकर चालू केला.

"पाडा की!" बाई म्हणाल्या. "आणि लवकर आटपा, पोरांची रांग लागलीय."