देवाचा फर्मा वरती

“पाखंडी जिंकला की हो!” असं म्हणून फादरांनी पुस्तिका टेबलावर आपटली.

मी नुकताच एसटीतून रोह्याला उतरलो होतो. त्यांच्या पुस्तिकेचे दोन गठ्ठे चर्चच्या हॉलमध्ये टाकून चहाचा कप हातात घेतला होता, तेवढ्यात हे. सोबत आमच्या प्रेसच्या बाइंडर पारूबाई होत्या. पेणला रामवाडीत आमची प्रेस, मी तिथला मॅनेजर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे दिवस ते. आरत्यांची पुस्तकं, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल हे आमचं नेहमीचं काम. पाखंडी कधी छापला नव्हता.

“कोण जिंकला?” मी विचारलं.

फादरांनी समजावलं. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत दोन माणसांचं जोरदार भांडण झालं. एक ब्रिटनकडचा साधू. त्याचं म्हणणं, चांगलं वागणं माणसाच्या हातात आहे. नसेल तर देव आज्ञा देतो कशाला? दुसरा उत्तर आफ्रिकेतला बिशप. तो म्हणायचा, निवड माणूसच करतो, पण चांगलं निवडायची इच्छा आणि बळ देवाच्या कृपेशिवाय येत नाही. चर्चनं साधूची शिकवण पाखंड ठरवली. फादरांनी पुस्तिकेत आधी साधूची बाजू मांडली होती, मग बिशपचं उत्तर. आम्ही बांधून आणलेल्या पुस्तिकेत उत्तर आधी आलं होतं आणि शेवटचा शब्द साधूचा झाला होता.

“संध्याकाळी प्रकाशनाला सेमिनरीतले माझे सर येतायत,” फादर म्हणाले. सेमिनरी म्हणजे फादर घडवणारं कॉलेज. “याच विषयात त्यांनी मला नापास केलं होतं. आज म्हणतील, अजून शिकला नाही हा.”

माझा पारा चढला. तो तसाही लवकर चढतो. छपाईत सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापून त्याची घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात. फर्मे एकावर एक लावायचे, बाजूनं पिना मारायच्या, झालं पुस्तक. इथे साधूचा एक फर्मा आणि बिशपचा एक. फादरांनी दोन्ही भाग वेगवेगळे पाठवले होते, त्यामुळे दोन्हीकडे पानांचे आकडे एकपासूनच होते. आणि फर्मे लावले होते पारूबाईंनी.

“पारूबाई, वर कुठला फर्मा ठेवायला सांगितलं होतं?”

“मानसाचा.”

“मग?”

“मी नाव वाचलं ना. एकावर ‘देवाची सत्ता’, दुसऱ्यावर ‘माणसाची इच्छा’. मानसाला वर नि देवाला खाली? आरतीच्या पुस्तकात कदी असं केलंय का आपन? पयला देव. मी बदललं.”

म्हणजे बाईंनी देवाचा मान राखला आणि त्याच फटक्यात त्याला वादात हरवलं.

मी हात जोडले. “फादर, देवाची इच्छा समजा.”

“त्या बिशपनंसुद्धा बाइंडिंगची जबाबदारी देवावर टाकली नव्हती,” फादर म्हणाले. “पिना काढा.”

दुसरा उपायच नव्हता. पिना उचकटायच्या, फर्मे फिरवायचे, फादरांच्या स्टेपलरनं पुन्हा मारायच्या. पहिल्याच पुस्तिकेचं कव्हर फादरांनी फाडलं, दुसरीचं मी. हे काम पारूबाईंच्या नखांचं होतं आणि त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या.

“मी नाय हात लावनार. देवाला मागं ढकलायचं पाप मना नको.”

“नोकरी करायची आहे ना?” मी ओरडलो.

“जबरदस्ती नको,” फादर म्हणाले. “त्यांची इच्छा.”

मला आता फादरांचाही राग आला. पाहुणे यायची वेळ होत आली होती आणि हे बाईंच्या इच्छेचा मान राखत बसले होते.

फादरांनी खुर्ची जवळ ओढली. “पारूबाई, पेणला गणपतीची मिरवणूक निघते, तेव्हा पुढं कोण असतं?”

“ढोल. लेझीमवाली पोरं.”

“आणि गणपती?”

“मागं, गाडीवर.”

“मग पोरं गणपतीपेक्षा मोठी झाली का?”

“नाय वो! लोक थांबतात ते गनपतीसाठी.” पारूबाई मग ताडकन उठल्या. “आसं सांगायचं ना आदी! म्हंजे ह्यो साधू लेझीमवाला हाय!”

आणि बाईंनी कामाला असा हात घातला की पिना हॉलभर उडायला लागल्या. आम्ही दोघं नुसते गठ्ठे सरकवत राहिलो.

सरांची गाडी दारात लागली तेव्हा शेवटची पुस्तिका स्टेपलरखाली होती. सरांनी उभ्यानंच एक प्रत उघडली आणि थेट शेवटचं पान वाचलं. चष्मा काढून ते फादरांना म्हणाले, “शेवट बरोबर केलास.” एवढा मोठा माणूस, पण फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार बरं वाटलं, पारूबाईंवरचा राग जवळजवळ गेला.

फादर मग खुशीत आले. “पारूबाई, फर्मे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं फिरवलेत, की देवानं बुद्धी दिली?”

पारूबाई अंगठा तोंडात धरून उभ्या होत्या. “फिरवले मी. बुद्धी त्यानं दिली. पन ही पीन टोचली ती मॅनेजरसायबांमुळं.”

सर खो खो हसले. मी नाही हसलो.

तेव्हापासून आमच्या प्रेसमध्ये पुस्तक कितीही भागांत येवो, पानांचे आकडे सलग टाकतो. देवाची कृपा हवीच. पण आकडे असले की तिच्यावर भार जरा कमी पडतो.