डाव्या हाताची बाटली

आधीच सांगतो, भूतखेत, करणी-बिरणी यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पंधरा वर्षं लॅब टेक्निशियन आहे. स्लाइडवर जे दिसतं तेवढंच खरं मानतो. तेव्हा कमेंटमध्ये मला अक्कल शिकवायला येऊ नका.

गोष्ट मागच्या वर्षीची. मलकापुरातला एक खासगी दवाखाना. तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारी आमची लॅब, वर वॉर्ड. सकाळी दहाची वेळ. अमावस्या-बिमावस्या काही नाही.

ब्लड कल्चर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ताप हटत नसेल तर रक्तात जंतू आहेत का, हे बघायला दोन हातांतून दोन बाटल्या रक्त घेतात. बाटल्या मशीनमध्ये पाच दिवस राहतात, जंतू वाढले की मशीन बोंबलतं. दोन्हींत तोच जंतू निघाला तर खरा. एकीतच निघाला तर बहुतेक वेळा कातडीवरची घाण सुईबरोबर आत गेलेली असते. पण आमच्या वॉर्डातल्या वंदना सिस्टर एकाच टोच्यात दोन्ही बाटल्या भरायच्या आणि वर 'उजवा हात', 'डावा हात' असं बिनधास्त लिहून पाठवायच्या. यावरून आमची इतकी भांडणं झाली होती की कामापुरतंही धड बोलणं उरलं नव्हतं.

त्या दिवशी अशाच दोन बाटल्या आल्या. पेशंट वरवट बकालचे रहीमचाचा, गाद्या भरायचा धंदा. पाच दिवस ताप, बीपी खाली चाललेलं, आणि दुखणं नेमकं कुठं आहे ते सापडत नव्हतं. फॉर्मवर रक्त घेतल्याची वेळ नव्हती म्हणून मी तणतणत वर गेलो... आणि बघतो तर चाचांना डावा हातच नाही! तरुणपणी कापूस पिंजायच्या मशीनमध्ये कोपराच्या वरपासून गेलेला.

माझं डोकंच फिरलं. "सिस्टर, हा डावा हात कुठून आणला?"

"सवयीनं लिवल्या गेलं," त्या फणकारल्या. "एकाच टोच्यातलं रक्त हाय, एकाच सिरिंजचं. आता काय फाशी देता मले?"

"दुसरं सॅम्पल द्या."

"अँटिबायोटिक सुरू झालं. आता काय घंटा निघन त्यात?"

हे मात्र खरं होतं. औषध रक्तात गेल्यावर जंतू सहसा वाढत नाहीत. म्हणजे चाचांचं जे काही होतं ते याच दोन बाटल्यांत. त्यांची मुलगी नसरीन माझ्याकडे बघत उभी होती. "भाऊ, अब्बाले काय झालं थे समजन ना?" मी सिस्टरांकडून फॉर्मवर वेळ लिहून घेत होतो. रागात होतो.

चाचा तापातच माझ्यावर खेकसले, "खोटं नाई थे. डाव्यातबी टोचलं तिनं. कालपासून ठणकून राह्यला हात."

तुटलेला हात दुखल्यासारखा वाटतो, हे मला माहीत होतं. मी लक्ष दिलं नाही. खाली येऊन लाल पेनानं 'डावा हात' खोडलं, वर 'उजवा-२' लिहिलं, रजिस्टरमध्येही तसंच लिहिलं आणि बाटल्या मशीनमध्ये टाकल्या. दोन्हींत रक्त सारखंच होतं, मी बघितलं होतं. खोडल्याचं कुणाला सांगितलं नाही. लॅबच्या कुलपाची चावी माझ्याच खिशात.

दुसऱ्या दिवशी अकराला मशीन वाजलं. एकच बाटली. दुसरी गप्प. स्लाइडवर गुच्छातले गोल जंतू — कातडीवरही असतात तसे. मनात म्हटलं, घाणच. रिपोर्टमध्ये तसंच लिहून वंदनाबाईंचं नाव डॉक्टरांपुढे ठेवायचं, एवढंच डोक्यात होतं. फोन लावला.

"कोणत्या बाटलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

बाटली हातातच होती. मी लेबल वाचलं. "डावा हात, सर."

पलीकडून केसपेपर चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "त्या हाताचं चाचा सारखं सांगतायत..." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लेबल बघितलं. 'डावा हात'. सिस्टरांचंच अक्षर. लाल रेघ नाही, 'उजवा-२' नाही, खाडाखोडीची खूणही नाही. रजिस्टर उघडलं. तिथं माझ्या लाल अक्षरात 'उजवा-२' होतं! उघड सांगतो, लॅबचं दार उघडं टाकून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

डॉक्टरांनी तुटलेल्या डाव्या हाताच्या उरलेल्या खुंटाची सोनोग्राफी केली. वरून कातडी चांगली, आत हाडाशी पू. तो काढला, त्यातही तोच जंतू निघाला. चाचांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. उजव्या हाताची बाटली पाचही दिवस कोरी राहिली... एकाच सिरिंजचं रक्त असून. माझ्या अक्षरातलं लेबल मी फोनवर वाचलं असतं, तर त्या माणसाला मीच मारलं असतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी मुद्दाम वर गेलो. नसरीन पिशव्या बांधत होती. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हसले वगैरे नाहीत.

"मी सांगतलं होतं ना तुले," ते म्हणाले. "मंग खोडलं काऊन बे?"

बाटली नियमाप्रमाणे नष्ट झाली. रजिस्टर आहे, ते पान मी अजूनही उघडत नाही.