वरच्या मजल्यावरची कात्री

काल शेजारच्या बारशाला बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्या टाळूच्या कोवळ्या, दुधाळ वासाने मला थेट घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात नेलं. तिथे मी नवी नर्स होते. एका दुपारी माझ्या वॉर्डातले परब आजोबा गेले. माझ्या डोळ्यांदेखत गेलेला पहिला पेशंट. त्यांची चादर काढता काढता मी ठरवून टाकलं, उद्यापासून यायचं नाही.

"रडतेस काय? वर लेबर वॉर्डातून कात्री घेऊन ये, जा," आमच्या डिसोझा सिस्टर खेकसल्या. मला भयंकर राग आला. इथे माणूस गेलाय आणि ह्यांना कात्री हवीय!

वर गेले, तर मी तोंड उघडायच्या आत तिथल्या सावंत सिस्टरनी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं. "धर गं जरा, माझे हात ओले आहेत." नुकतंच जन्मलेलं, गरम गरम. त्याने जांभई दिली. एवढ्याशा तोंडात एवढी मोठी जांभई मावते तरी कशी, हेच मी बघत राहिले.

बाळ परत घ्यायच्या आधी सिस्टरनी माझे गाल पुसले. त्यांचे हात कोरडे होते.

कात्री मागायची राहूनच गेली. खाली आले, तर डिसोझा सिस्टरनीही ती मागितली नाही. दोघींचं आधीच ठरलेलं होतं का? आणि डिसोझा सिस्टर नव्या होत्या तेव्हा त्यांना कोणी वर पाठवलं होतं? हे विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मी एवढंच विचारलं, "सिस्टर, उद्या माझी ड्युटी सकाळचीच ना?"