एका खोलीत न मावलेले दोघे

संस्थेत लागले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. वाढले चिपळूणला, समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि रत्नागिरीत आत्याकडे राहून नोकरी धरली. शेजारणी आत्याला विचारत, "भाची काय करते?" आत्या म्हणायची, "सोशल वर्क," आणि पटकन दुसरा विषय काढायची. तिचाही इलाज नव्हता. एसटी स्टँडवर, देवळाच्या ओवरीत, दुकानांच्या पायऱ्यांवर राहणाऱ्या माणसांना खोली मिळवून द्यायची आणि खोली मिळाल्यावर त्यांच्याकडे जात राहायचं, हे माझं काम. ते चारचौघींत सांगायचं कसं?

यातला दुसरा भाग मोठा होता, हे मला स्वतःला कळायलाही वेळ लागला. खोली मिळाली की काम संपलं असं लोकांना वाटतं. बरीच वर्षं उघड्यावर काढलेल्या माणसाला नळाची वेळ सांभाळणं, स्टोव्ह पेटवणं, मालकाशी रोज दोन शब्द बोलणं, हे सगळं नव्यानं करावं लागतं. एक बाई महिनाभर आपल्याच खोलीच्या दारावर टकटक करून आत जायच्या. आत कुणी नसायचं.

आमच्या प्रमुख बाई म्हणजे निवृत्त परिचारिका. अंगानं बारीक, आवाज खणखणीत. दिवाळीनंतर एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "राम आळीतल्या त्या दोघांचं बघ आता."

ते दोघे मला तोंडओळखीचे होते. बाजारातल्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर बरीच वर्षं शेजारी शेजारी झोपणारे. एक आचारी. लहानपणी घर सोडून खानावळीत भांडी घासायला लागला आणि तिथेच स्वयंपाक शिकला. जन्मभर चुलीपाशी काम केलं आणि माळ्यावर झोपला. मालक गेल्यावर मुलांनी खानावळ मोडून तिथे गाळे बांधले. त्याच्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण जायचं कुठे हेही कुणी विचारलं नाही. दुसरा खलाशी, दापोलीजवळच्या आंजर्ल्याकडचा. मासेमारीच्या बोटीवर घसरून त्याचं खुब्याचं हाड मोडलं. बोटमालकानं दवाखान्याचं सगळं केलं, पण लंगड्या माणसाला बोटीवर काम कुठलं? भाऊ घरी घेऊन गेला. काही महिन्यांनी हा कुणाला न सांगता तिथून निघून आला.

ओट्यावर दोघांचं छान चालायचं. एक कुठे गेला की दुसरा त्याचं गाठोडं सांभाळायचा. आचारी लग्नकार्यात हाताखाली गेला की येताना खलाशासाठी पानात बांधून काही आणायचा. पाऊस तिरका यायला लागला की खलाशी ताडपत्री अशी बांधायचा, की आचाऱ्याच्या अंगावर थेंब पडत नसे.

मी खोलीचं विचारलं तेव्हा आचारी म्हणाला, "द्यायची तर दोघांना मिळून एकच द्या, ताई. मी एकटा कुठे जाणार?"

खलाशानं मान हलवली. "आमचा जमता," म्हणाला.

नाचणे गावाच्या चढत्या वाटेवर एका गुरुजींच्या आवारात आंब्याच्या पेट्या ठेवायची खोली रिकामी होती. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, एक खिडकी. आत पेंढ्याचा वास मुरलेला. गुरुजी आधी कां कूं करत होते. पण बाई स्वतः जाऊन बसल्या, चहा घेतला, आणि गुरुजींच्या बायकोनंच "राहू दे हो," म्हटलं. हंगामात एका कोपऱ्यात पेट्या राहतील, एवढी एकच अट.

पहिला आठवडा मजेत गेला. आचाऱ्यानं जमीन सारवली, चिऱ्यांवर फळी टाकून डबे मांडले, संध्याकाळी दिवा लावला. कडी लावून तो परत परत ओढून बघायचा. "माझी पहिली कडी," असं मला म्हणाला आणि हसला.

खलाशाला कडी लावलेली खपत नव्हती. दार बंद झालं की त्याला गुदमरायचं. तो उंबऱ्याशी गोधडी टाकून, डोकं बाहेर काढून झोपायचा. आचारी म्हणायचा, दार उघडं ठेवायचं तर ओटा काय वाईट होता? मग विडीवरून झालं. मग केरसुणी कुठे उभी करायची त्यावरून. आणि मग खलाशानं एक दिवस सुके बोंबील आणले.

आचारी मासे खात नसे. ओट्यावर असताना खलाशी बंदरावरच जेवून यायचा, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. आता स्टोव्ह एक, तवा एक. बोंबील भाजले त्या दुपारी आचाऱ्यानं तवा उचलून आवारात नेऊन ठेवला. खलाशानं तो आत आणला. आचाऱ्यानं परत बाहेर नेला. हे गुरुजींनी ओसरीवरून पाहिलं. गुरुजींची मासळीबद्दल काही तक्रार नव्हती, पण काही दिवसांनी ते आमच्या ऑफिसात आले आणि छत्री कोपऱ्यात ठेवत म्हणाले, "तुमचे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्यामार्फत बोलतात."

"म्हणजे?"

"म्हणजे हा मला हाक मारून सांगतो, गुरुजी, त्याला विचारा काडेपेटी कुठे ठेवलीय. आणि तो तिथेच असतो, हो. हातभर अंतरावर."

मी हसले. गुरुजी हसले नाहीत. "मी पस्तीस वर्षं शाळेत हेच केलं. आता नको वाटतं."

मी दोघांना बसवून बोलले. दोघांनीही सगळं कबूल केलं आणि चार दिवसांत खलाशी परत ओट्यावर गेला.

बाजारात मला तो दिसला तेव्हा ताडपत्रीची दोरी सोडवत बसला होता. मी शेजारी बसले. पावसाळा लांब होता, तरी त्यानं ती बांधायला घेतली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय."

"भांडलात?"

"भांडण नाय, बाय. तो काय वाईट माणूस हाय?" त्यानं दोरीला गाठ मारली. "घर त्याचा झाला. मी मिठाचा डबा घेतला तरी परत कुठं ठेवतो ता तो बघतो. हितं कसा, त्याचा बी काय नाय नि माझा बी काय नाय."

वर खोलीवर गेले तर आचारी आमटी करत होता. पातेलं दोघांपुरतं. मला म्हणाला, "तो घरात बोटीवर असल्यासारखा राहतो, ताई. पाय पुसत नाही, दार लावत नाही. मी किती सांभाळू?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "जेवला का तो?"

बाईंना मी सांगितलं की दोघांना परत समजावू या. बाई म्हणाल्या, "नवराबायकोचं मोडतं तिथे या दोघांचं काय घेऊन बसलीस? त्याला वेगळी जागा बघ."

एकट्या, लंगड्या, विडी ओढणाऱ्या माणसाला खोली कोण देणार? मी महिनाभर हिंडले. कुणी म्हणे कुटुंबवाला हवा, कुणी म्हणे नोकरदार हवा. शेवटी मिरकरवाडा बंदराच्या अलीकडच्या वस्तीत एक मासळी विकणारी मावशी भेटली. विधवा, मुलगा बोटीवर. घरामागे तिची जाळी ठेवायची पडवी होती, तीन बाजूंनी भिंत आणि समोर माडाच्या झापांचा आडोसा. तिनं मला पाटी उतरवता उतरवताच प्रश्न विचारले.

"दारू पितो काय?"

"नाही. विडी ओढतो."

"विडी मी पन वढतंय. जाली शिवता येतात?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेले. मावशीनं फाटलेलं जाळं त्याच्या मांडीवर टाकलं आणि ती आत गेली. तो भिंतीला टेकून, पाय लांब करून बसला आणि सुई मागून घेतली. मी निघेपर्यंत त्यानं वर बघितलं नाही. मावशीनं बाहेर येऊन शिवण बोटांनी ताणून पाहिली आणि म्हणाली, "गोधडी हाय ना याच्याकडं? मग राहू दे."

तिथे त्याला बरं वाटायला लागलं. समोरून वारा यायचा, दाराचा प्रश्न नव्हता, सुक्या मासळीच्या वासाला नाक मुरडणारं कुणी नव्हतं. आसपासचे लोक जाळी आणून टाकायला लागले.

पण मी वर गेले की आचारी विचारायचा, "जेवतो ना वेळेवर?" आणि खाली गेले की खलाशी विचारायचा, "त्याचा गुडघा कसा हाय?" मी इकडचं तिकडे सांगत राहिले. आषाढ असाच निघाला. एकदा ऑफिसात मी हे कौतुकानं सांगत होते, तर बाई म्हणाल्या, "तू गुरुजींची जागा घेतलीस की काय? निरोप पोचवू नकोस. पत्ता सांग."

पुढच्या खेपेला आचाऱ्यानं विचारल्यावर मी काही सांगितलं नाही. मावशीचं घर कुठे आहे, कुठल्या वळणावर उतरायचं, तेवढं सांगितलं. तो चिडला. "मला काय करायचाय पत्ता?" म्हणाला.

श्रावणातल्या एका सकाळी तो डबा घेऊन तिथे गेला, हे मला मावशीकडून कळलं. डब्यात वालाची उसळ आणि नारळीभात. मासळीचा वास सोसवेना म्हणून आत आला नाही, पावसात बाहेरच उभा. खलाशानं छत्री त्याच्यावर धरली आणि स्वतः भिजला. मावशी सांगताना म्हणाली, "भांडत व्हते. मीठ कमी झाला म्हणं. पन डबा पुसून खाल्लान."

त्यानंतर ते रोज भेटायला लागले. आचारी मावशीच्या घरी बसत नसे आणि खलाशाला नाचण्याचा चढ झेपत नसे. म्हणून दोघांनी मधली जागा काढली, तोच राम आळीतला ओटा. शेजारचा कापडदुकानदार मला रस्त्यात गाठून म्हणाला, "तुम्ही यांना घरं दिलीत ना? मग हे परत इथे कसे?"

"झोपायला येतात का?"

"नाही. संध्याकाळी बसतात, बडबड करतात. दिवेलागणीला उठतात."

"मग कुठे जातात?"

"आपापल्या घरी जात असतील," म्हणाला आणि दुकानाकडे वळला.

दुसऱ्या वर्षी खलाशाचा खुबा फार दुखायला लागला. दवाखान्यात ठेवावं लागलं. आचारी दोन्ही वेळा डबा घेऊन हजर. वॉर्डातल्या नर्सनं विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" तो गडबडला. भाऊ म्हणावं तर खोटं, मित्र हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता. "आम्ही बरोबर असायचो," म्हणाला. नर्सनं तेवढ्यावर त्याला बसू दिलं.

दवाखान्यात असताना खलाशानं मला भावाला कळवायला सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भाऊ लगेच आला, पायाशी बसून रडला. न सांगता का गेलास, एवढंच विचारत राहिला. खलाशी छताकडे बघत होता. भाऊ चहा आणायला गेल्यावर मला म्हणाला, "वहिनी काय बोलली नाय कधी. पन बसून खायचा, नि दुसरीकडं जायला जागा नाय. ता बरा नाय वाटत."

"आता बोलावतायत तर जाणार का?"

"जाईन की. आता चार दिवस राहून परत येता येतं."

गणपतीत तो गेला. चालताना आधार लागायचा म्हणून आचाऱ्याला बरोबर दिला. मी दोघांना स्टँडवर दापोलीच्या गाडीत बसवलं. गाडी सुटेपर्यंत खिडकीच्या जागेवरून त्यांचं चाललं होतं.

परतले त्या दिवशी मी गाडीवर गेले होते. आचारी उतरला तो बोलतच. भाऊ चांगला, वहिनी चांगली, खाडी ओलांडताना होडीत आपल्याला मळमळलं, हा मात्र हसत होता. घरात ऋषीची भाजी फार पाणचट केली होती, ती आपण दुरुस्त केली. मग वहिनींनी रोजचा स्वयंपाकच आपल्यावर टाकला.

"आणि हे?" मी खलाशाकडे बघून विचारलं.

"हा पडवीत झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणतो, चल घरी. वहिनी म्हणाल्या, अहो, घरीच तर आहात. तर म्हणतो, इथला नाय, रत्नांगिरीतला."

खलाशी काठीवर रेलून उभा होता. त्यानं पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला. भावाच्या दारच्या माडाचा.

मला त्या संध्याकाळी आणखी एका बाईला खोली दाखवायला न्यायचं होतं, त्यामुळे मी त्यांना सोडायला गेले नाही. आचाऱ्यानं नाचण्याकडची गाडी पकडली. खलाशी रिक्षात बसला आणि रिक्षावाल्याला मिरकरवाड्याची वाट सांगायला लागला.