नवव्या दिवसाचं जेवण

आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीत आम्ही दोघी सहा वर्षं राहिलो. मी वसईची, ती फिलिपिनो. मी हॉटेलात हाउसकीपिंगला, ती एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर. मी मोठी, म्हणून ती मला 'आते' म्हणायची. त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात.

तिचा नवरा गावी अचानक वारला, तेव्हा ती नोकरी बदलत होती. जुना व्हिसा कॅन्सल झालेला, नवा यायचा होता. "आत्ता देशाबाहेर गेलीस तर सगळं खलास," असं नव्या ऑफिसातून सांगितलं. ती गेली नाही. नवऱ्याचं दफन तिने पलंगावर बसून फोनवर बघितलं. रडली नाही. मग दिवसभर खोली पुसत राहिली.

त्यांच्यात माणूस गेल्यावर नऊ दिवस रोजरीची प्रार्थना म्हणतात आणि नवव्या दिवशी जेवण घालतात. घरी अख्खं डुक्कर भाजणार होते.

"आते, मीही आज तेच खाणार," ती म्हणाली. "ते जेवतील त्याच वेळी."

आम्ही बसने करामाला गेलो. तिथल्या फिलिपिनो हॉटेलात पोर्कचं मेनूकार्ड वेगळं असतं. मी ते पहिल्यांदाच हातात घेतलं. आमच्या वसईचं डुकराचं मटण म्हणजे आंबट-तिखट रस्सा. हे कोरडं होतं. तुकड्यांवर फुगलेली तांबूस साल, दाताखाली कडकन मोडणारी. बरोबर भात आणि मिरची घातलेलं व्हिनेगर. चव चांगली होती, आणि ती चांगली लागतेय याचीच मला लाज वाटत होती.

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता. वेटर टाळ्या वाजवून गात होते. नेमका तेव्हाच तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. नणंदेने फोन मुलीच्या हातात दिला. चौदा वर्षांची पोर, काळा फ्रॉक घातलेली. तिने आईकडे पाहिलं, आईच्या मागच्या फुग्यांकडे पाहिलं आणि इंग्लिशमध्ये विचारलं, "ममा, तू पार्टीला गेलीयस?"

"नाही गं. हे बघ, तुम्ही खाताय तेच मीही..." तिने फोन घाईघाईने ताटावर धरला.

फोन कट झाला. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

"लहान आहे. कळेल तिला," मी म्हणाले.

"मी सोडून आले तेव्हा लहान होती, आते."

मग तिने ताट पुढे ओढलं आणि खायला लागली. मी माझं ताट बाजूला सारलं. तिने मात्र सगळं संपवलं, सालीचा शेवटचा तुकडासुद्धा. कुणी शिक्षा दिल्यासारखी खात होती. बसस्टॉपवर पोचताच सगळं ओकून टाकलं. मी पाठ चोळत होते. तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

व्हिसा आला. काही महिन्यांनी सुट्टी मिळाली, ती गावी जाऊन आली. ठरल्यापेक्षा आधीच परतली. आई घरी आली तरी मुलगी तिच्या आत्याकडेच राहिली होती. बॅग न उघडताच ती खाली बसली.

"रागावली का तुझ्यावर?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नीट बोलली. पाहुण्यांशी बोलतात तसं."