टाकीच्या झाकणाची किल्ली

लोणावळ्याला आम्ही राहायचो त्या इमारतीत सहा ब्लॉक होते. तीन मजले, दर मजल्यावर दोन. आमचा तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताचा. मालक पुण्याला राहत आणि महिन्यातून एखाद्या रविवारी येऊन जात. इमारतीची किरकोळ कामं माझ्याकडे आली ती मी वही ठेवते म्हणून. जिन्यातला दिवा गेला, गटार तुंबलं, पंपाची दुरुस्ती निघाली, सगळं वहीत. काम झालं की त्यावर रेघ. ही सवय अजून आहे. रेघ मारलेलं काम माझ्या डोक्यातूनही पुसलं जातं, हा तिच्यातला दोष त्या वर्षी कळला.

पाण्याची रचना सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नगरपालिकेचं पाणी सकाळी तासभर खालच्या हौदात यायचं. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत. टाकी विटा-सिमेंटची, कमरेच्या वर उंच, लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. तळाजवळून दोन पाइप निघायचे. एक डाव्या बाजूच्या तीन घरांना, दुसरा उजव्या बाजूच्या. अंगणात एक नळ होता, तो डाव्या पाइपाच्या शेवटी जोडलेला.

पंप चालवणारे गृहस्थ जिन्याखालच्या खोलीत बायकोबरोबर राहत. मूळचे टाकवे बुद्रुकचे. छप्पन साली त्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता, खोलीत बुद्धाची तसबीर होती. त्यांची बायको स्टेशनजवळच्या एका लॉजच्या चादरी आणून अंगणातल्या नळावर धुवायची. ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे होते आणि मी त्यांना अरे-तुरे करत असे. सगळेच करत.

पंपाचं बटण, हौद, गच्चीवरचे कॉक, सगळं त्यांच्या ताब्यात. टाकीच्या झाकणाची किल्ली मात्र माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला. आमच्या आधीच्या बिऱ्हाडकरणीने ती मला देताना एवढंच म्हटलं होतं, "ही आपल्याकडेच असू दे." आपल्याकडे म्हणजे कोणाकडे, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही. वर्षातून एकदा टाकी धुवायला बाजारातून एक माणूस बोलवत असू. तो कोण, कुठला, आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तेवढं आम्हाला पुरत होतं. तो आत उतरायचा. पंपवाले बाहेर बादली घेऊन उभे राहायचे.

भाद्रपदातल्या एका सोमवारी आमचा स्वयंपाकघरातला नळ कोरडा पडला. मोरीतलाही. बाहेर पाऊस चालू होता.

मी वही घेतली. समोरच्या ब्लॉकमध्ये पाणी होतं. खालच्या मजल्यावर, आमच्याच बाजूला, करंगळीएवढी धार. तळमजल्यावर जरा बरी. तोटी काढून पाहिली, आत कचरा नव्हता. गच्चीवर जाऊन कॉक पाहिला, पुरता उघडा. पाइपात हवा धरली असेल म्हणून खालपासून वरपर्यंत लाकडी दांडक्याने ठोकत आले, तोंडाने हवा ओढून पाहिली. काही नाही. पंपवाले माझ्यामागून गच्चीवर आले होते. टाकीच्या बाजूच्या नळीतून पाणी ओसंडत होतं, ते त्यांनी दाखवलं.

"टाकी तर काठोकाठ हाय, बाई," ते म्हणाले. "दोष तोंडाशीच आसंल. झाकण उघडून एकदा बघाया पायजे. किल्ली देता का?"

"भरलेल्या टाकीत काय बघायचं?" मी म्हटलं. "मी फिटरला बोलावते."

ते टाकीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "व्हय," म्हणाले. पुन्हा किल्ली मागितली नाही.

मंगळवारी फिटर आला. त्याने वॉशर बदलला, पाइपाचा एक सांधा सोडून पाहिला, परत बसवला.

"वहिनी, पाइप चांगलाय. खाली कुठली तरी तोटी सताड उघडी राहतेय. पाणी उताराला धावणार, वर कशाला थांबेल?"

"खाली म्हणजे?"

त्याने गॅलरीतून अंगणाकडे हनुवटी उडवली. तिथे पंपवाल्यांची बायको चादर पिळत होती.

मला ते पटलं. हिशेब बरोबर जुळत होता: वर कोरडं, मध्ये थोडं, खाली जास्त. मी खाली जाऊन तिला म्हटलं, "थोडे दिवस चादरी बंद ठेव."

"बंद ठिवते की," ती म्हणाली. "पन धार बगा कसली हाय. एका चादरीला तास लागतुया. म्या पाणी पळवलं आसतं तर हितं बसून राह्यले आसते का?"

तिने त्याच दिवसापासून चादरी आणणं थांबवलं. बुधवारी नळ कोरडाच. तिथेच मी थांबायला हवं होतं. चादरी बंद झाल्या तरी पाणी येत नाही, म्हणजे कारण दुसरं आहे, हे यादी करणाऱ्या बाईला कळू नये? पण तोवर समोरच्या बाई म्हणाल्या होत्या की पंपवाले शेजारच्या चहावाल्याला पाणी विकतात. तळमजल्यावरच्यांनी मान डोलावली होती. पाहिलं कोणीच नव्हतं. गुरुवारी सकाळी मी मालकांना कार्ड टाकलं: डाव्या बाजूस पाणी येत नाही, अंगणातल्या नळाचा गैरवापर होतो, बाहेर पाणी दिले जात असल्याचेही कानावर आहे, तरी आपण दुसरी व्यवस्था पाहावी. नीटनेटकं अक्षर, मुद्द्याला धरून. असं कार्ड मी चांगलं लिहिते.

त्याच दुपारी वीज गेली ती शनिवारपर्यंत आली नाही. पंप बंद, टाकी उतरत गेली, उजव्या बाजूचंही पाणी संपलं. टाकी आयतीच रिकामी आहे तर धुऊन घ्यावी म्हणून मी शनिवारी सकाळी किल्ली, खराटा आणि बादली घेऊन वर गेले. झाकण उघडलं. पाय धुतले, पदर खोचला, आत उतरले.

डाव्या पाइपाच्या तोंडाला लाल मातीचा गोळा चिकटलेला होता, नारळाएवढा. हात लावला तर तो मऊ. आत फडकं होतं. माझ्या नवऱ्याच्या जुन्या धोतराचं, चार पदरी, सुतळीने बांधलेलं, गाठ माझी.

ज्येष्ठात पाणी फार गढूळ येत होतं. तोटीला बांधलेलं फडकं रोज धुवावं लागे. त्यापेक्षा टाकीतच बांधलं तर एका दमात काम होईल, असा विचार करून एका सकाळी, टाकी रिकामी असताना, मीच आत उतरून ते बांधलं होतं. दुसऱ्याच दिवशी स्वच्छ पाणी आलं. मी खूश झाले, वहीत 'टाकीत फडके' या ओळीवर रेघ मारली. काढायची ओळ लिहिलीच नाही. तीन महिने चिखल त्यावर बसत गेला आणि शेवटी तोंड बुजलं.

मी टाकीत उभी होते, घोट्याएवढ्या गाळात. माझे पाय दोनदा त्या टाकीत गेले होते. पंपवाल्यांचा हात एकदाही नाही. सोमवारी किल्ली दिली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

फडकं मी पदराखाली घेऊन घरी आणलं आणि चुलीत घातलं. ओलं होतं, धुमसत राहिलं. दुपारी वीज आली, पंप चालू झाला, नळ खळखळला. पंपवाले अंगणातून वर बघत होते.

"आलं का वर?"

"आलं."

"काय व्हतं?"

"कचरा अडकला होता," मी म्हटलं.

"म्हनलं व्हतं ना, तोंडाशी आसंल," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं, ते आवाजातून कळलं.

संध्याकाळच्या डाकेला मी दुसरं कार्ड टाकलं: पाणी सुरळीत झाले आहे, काळजी नसावी. कारण लिहिलं नाही. आधीच्या कार्डावर या कार्डाने पडदा पडेल असं मी स्वतःला सांगितलं.

मालक पुढच्या रविवारी आले. अंगणात खुर्ची टाकली, मी वरून चहा घेऊन गेले. पंपवाले आणि त्यांची बायको समोर उभी होती.

"तुमचं दुसरं कार्डही पोचलं," मालक मला म्हणाले. मग त्यांच्याकडे वळले. "तक्रार माझ्यापर्यंत आली हे कळलं आणि लगेच पाणी आलं. आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?"

"मालक, मला कार्डाचं ठावंच न्हाई," पंपवाले म्हणाले. "पाइपात कचरा व्हता. बाईंनी काढला. इचारा त्यास्नी."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. पंपवाल्यांनीही पाहिलं. त्यांच्या नजरेत शंका नव्हती, मी हो म्हणणार हे त्यांनी धरलंच होतं. कचरा कसला, हे आता विचारलं जाईल, मग फडकं, मग गाठ, मग किल्ली. सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं उभी होती.

"चहा गार होतोय," मी म्हटलं.

त्यांना महिनाअखेरपर्यंत खोली सोडायला सांगितलं. त्यांनी आठ दिवसांतच सोडली, टाकव्याला भावाकडे गेले. जाताना पंपाची आणि हौदाची किल्ली माझ्या हातात दिली. मी घेतली.

दिवाळीनंतर त्यांची बायको मला बाजारात भेटली. भाजी घेत होती. मी तोंड चुकवणार होते, पण तिनेच हाक मारली.

"वलवणला एका इश्रामगृहात पंप चालवाया माणूस पायजे," ती सांगू लागली. "ह्यांचं समदं ठरलं व्हतं. तितल्या सायबानं म्हनं, जुन्या मालकाची चिठ्ठी आना. मालकानं दिली, पन त्यात लिवलं की पाण्याच्या बाबतीत भरवसा न्हाई. बाई, आमी कवा पाणी इकलं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग लिवलं कुनी?"

मी भाजीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली. तिने भाजीचे पैसे दिले आणि ती गेली. तिला माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही, एक कोरं कार्ड आणि पेन घेऊन निघाले. नवरा म्हणाला, "मालकांना लिहायचंय तर घरातून लिही." पण घरातून मी आधी दोन कार्डं लिहिली होती. कान्हे स्टेशनला गाडीतून उतरले आणि टाकव्यापर्यंत चालत गेले.

ते भावाच्या खळ्यात भात झोडपत होते. मला बघून थांबले, अंगावरचा भुसा झटकला, पोतं अंथरलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं: फडकं मी बांधलं होतं, मी विसरले, कार्ड मी लिहिलं, रविवारी मी गप्प बसले. त्यांना पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होते, ते जिभेला जड जात होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची बायको सूप बाजूला ठेवून आली.

"आमाला सांगून काय व्हनार," ती म्हणाली. "मालकाला सांगा."

मी पोत्यावर बसून वहीवर कार्ड ठेवलं आणि लिहिलं. फडक्याचं, विसरण्याचं, पाणी कधीही विकलं गेलं नाही याचं. सही केली. त्यांनी हात पुढे केला. कार्ड घेऊन एकेक ओळ बोटाखाली धरून वाचलं.

"बराबर हाय समदं," ते म्हणाले. "पन मालक इचारंल, त्येवढं दिस टाकी उघडून कुनी का न्हाई बघितली? मंग ह्यो पंपवाला करत काय व्हता? त्ये न्हाई लिवलं."

"कार्डावर जागा संपली."

त्यांनी कार्ड उलटं केलं. "पत्त्याशेजारी अर्धी बाजू मोकळी हाय की."

मी कार्ड परत घेतलं. 'झाकणाची किल्ली माझ्याकडे होती. यांनी ती मागितली होती. मी दिली नाही.' इथे पेन थांबलं. त्यांनी 'का' विचारलं नाही, पण दोघंही तिथून हलली नाहीत. मी 'स्वच्छतेच्या' एवढं लिहिलं, मग खोडलं. खाली लिहिलं: 'त्यांचा हात पाण्याला लागू नये म्हणून.'

त्यांनी तेही वाचलं. शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून ठेवलं.

"द्या, जाता जाता कान्ह्याला पेटीत टाकते," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "मीच टाकतो. तुमच्याकडनं ऱ्हाऊन जायाचं."

मालकांनी त्यांना दुसरी चिठ्ठी दिली. पण ती पोचेपर्यंत वलवणची जागा भरली होती. हे मला त्यांच्या बायकोने पुढे बाजारातच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.